कौन्सिल टॅक्स, कोर्टाचं समन्स आणि ग्रुपवर फिरणारं ते तीन पानी पत्र

मा. संपादक,

स.न.वि.वि.

तुमचा पेपर मी इंग्लंडमध्ये बसून रोज सकाळी फोनवर वाचते. इथली बरीच मराठी मंडळी वाचतात, म्हणून हे पत्र तुमच्याकडे पाठवतेय. हेच मी आमच्या इथल्या ग्रुपवर लिहिलं होतं, त्याला दोन अंगठे आले आणि अर्ध्या तासात कुणाला तरी जुना सोफा विकायचा होता त्याच्या फोटोंखाली ते गाडलं गेलं.

विषय कौन्सिल टॅक्सचा, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या घरपट्टीचा. त्याच ग्रुपवर गेले दोन-तीन महिने एक तीन पानी पत्र फिरतंय. वर लिहिलेलं असतं की ज्यांना कौन्सिल टॅक्ससाठी कोर्टाचं समन्स आलंय त्यांनी अजिबात घाबरू नका, फक्त नाव-पत्ता बदला, प्रिंट काढा, पाठवून द्या, कोर्ट काही वाकडं करू शकत नाही. आत काय आहे तर, माझा कौन्सिलबरोबर कुठलाही करार झालेला नाही, समन्सवर जजची शाईची सही नाही म्हणून ते समन्सच नाही, कॅपिटल अक्षरात छापलेलं नाव माझं नसून माझ्या नावाने काढलेल्या कुठल्यातरी कंपनीचं आहे, मी हाडामांसाचा जिवंत माणूस आहे आणि या कोर्टाचा अधिकार मला मान्य नाही. मधेच मॅग्ना कार्टाचं, म्हणजे इंग्लंडच्या राजाने १२१५ साली दिलेल्या सनदेचं, ६१ वं कलम. शेवटी कौन्सिललाच उलटं बिल, तुमची पत्रं वाचण्यात माझा जो वेळ गेला त्याचे इतके पौंड! मी आधी हसले. पण पुढे पाठवणारे लोक चांगले शिकलेले आहेत, एकजण तर डॉक्टर आहे, आणि ते पत्र पाठवून अडकलेला एक मुलगा माझ्या ओळखीचा आहे, त्यामुळे हसू काही फार वेळ टिकलं नाही.

नवीन आलेल्यांसाठी थोडं सांगते. आपल्याकडे घरपट्टी घरमालक भरतो, इथे कौन्सिल टॅक्स साधारणपणे जो त्या घरात राहतो तो भरतो, म्हणजे भाडेकरू. निम्म्या लोकांची पहिली गडबड इथेच होते, भाड्यात सगळं आलं असेल असं वाटतं आणि मग सहा महिन्यांनी ब्राऊन पाकीट येतं. हा टॅक्स १९९३ च्या एप्रिलपासून आहे, त्याआधी थॅचरबाईंचा माणशी लागणारा पोल टॅक्स होता, ज्याच्यावरून १९९० मध्ये ट्रॅफल्गर स्क्वेअरला दंगल झाली होती. इंग्लंडमध्ये घराचा बँड, म्हणजे टॅक्सचा गट, आजही १ एप्रिल १९९१ च्या किमतीवर ठरतो, म्हणजे तुमची बिल्डिंग मागच्या वर्षी बांधलेली असली तरी ती १९९१ मध्ये केवढ्याला गेली असती याचा अंदाज बांधून. मला विचाराल तर खरा वेडेपणा हा आहे. पण वेडेपणा असला तरी तो पार्लमेंटच्या कायद्यात लिहिलेला आहे.

आता ते पत्र लोकांना का पटतं, तर त्याचं कारण आहे, आणि ते मी स्वतः बघितलंय.

मलाही समन्स आलं होतं. मी फ्लॅट बदलला, कौन्सिलला ईमेल करून नवीन पत्ता कळवला, त्यांचं पोच मिळाल्याचं ऑटोमॅटिक उत्तरही आलं, आणि तरीही रिमाइंडर जुन्याच पत्त्यावर जात राहिले. इथे नियम असा की एक हप्ता चुकला की रिमाइंडर येतं, त्यात सात दिवस मिळतात, त्या सात दिवसांत भरलं नाहीत तर आणखी सात दिवसांनी वर्षाचे उरलेले सगळे पैसे एकदम देणं लागतात, हप्त्यांची सोयच संपते. मला हे काही माहितीच नाही, कारण रिमाइंडर तिकडे कुणाच्या तरी डोअरमॅटवर पडलेलं. एक दिवस जुन्या घरमालकाने पाकिटांचा गठ्ठा आणून दिला, त्यात वर मॅजिस्ट्रेट कोर्टाचं नाव, माझं नाव, तारीख, वेळ, आणि रकमेच्या खाली समन्सचा खर्च म्हणून आणखी एक आकडा. माझ्या घरात आजवर कुणी कोर्टाची पायरी चढलेली नाही, माझे हात अक्षरशः थरथरत होते.

आणि कागद नीट बघितला तर काय, छपाई कौन्सिलच्या नेहमीच्या पत्रासारखी, परतीचा पत्ता कौन्सिलचा, फोन नंबर कौन्सिलचा, खाली सही म्हणजे छापलेला शिक्का. माझ्याही मनात आलंच की हे खरंच कोर्टाकडून आलंय का हे लोक स्वतःच छापून घाबरवतायत. तर उत्तर असं की छापते आणि पोस्टात टाकते कौन्सिलच, पण यादी कोर्टाकडे जाते आणि समन्स काढायची परवानगी कोर्टाची असते. जजने एकेका कागदावर पेनाने सही केली पाहिजे असं काही नाही. आमच्या ऑफिसचं पगारपत्रकसुद्धा सहीशिवाय येतं, पगार काय मी नाकारते का.

कोर्टात गेले तो दिवस मात्र विसरणार नाही. कोर्टरूमच्या बाहेर कॉरिडॉरमध्ये दोन टेबलं, त्यावर लॅपटॉप, गळ्यात कौन्सिलचे बिल्ले घातलेली चार माणसं, आणि येणाऱ्या प्रत्येकाला तिथेच अडवून विचारत होती, हप्ते बांधून देऊ का, इथे सही करा, आत जायची गरज नाही. माझ्यासमोर एक आजी सही करून गेल्या, त्यांना वाटलं हेच कोर्ट! आत तीन मॅजिस्ट्रेट, हे पगारी जज नसतात, समाजातले साधे लोक, बिनपगारी काम करणारे, त्यांच्यापुढे कायदा सांगायला एक लीगल अ‍ॅडव्हायझर. कौन्सिलच्या माणसाने शपथ घेतली, यादी पुढे केली, चारशेच्या वर नावं, बिलं पाठवली, रिमाइंडर पाठवलं, समन्स पाठवलं, पैसे आलेले नाहीत, ऑर्डर द्यावी. दिली. मला वाटतं पाच मिनिटंही लागली नसतील. चारशे घरांवर लायबिलिटी ऑर्डर, म्हणजे हे पैसे तुम्ही देणं लागता असा कोर्टाचा हुकूम, निघाली आणि तेवढ्यात माझा मशीनमधला चहासुद्धा गार झाला नव्हता.

हे बघितल्यावर माणसाला वाटणारच की हे कसलं कोर्ट. त्या रागाला मी नावं ठेवत नाही. पण त्या रागावर जे औषध ग्रुपवर वाटलं जातंय ते विष आहे, आणि मुद्दा माझा एवढाच आहे की त्या कोर्टाचा अधिकार मोठा आहे म्हणून आपण हरत नाही, तो फार लहान आहे म्हणून हरतो. कौन्सिल टॅक्सच्या १९९२ च्या नियमावलीतला ३४ वा नियम वाचा. त्यात म्हटलंय की रक्कम तुमच्याकडून देणं झालेली आहे आणि ती भरलेली नाही एवढं पटलं की मॅजिस्ट्रेटने ऑर्डर द्यायचीच आहे. नोकरी गेली, आई आजारी, पोटाला चिमटा काढून राहतोय, यातलं काहीही तिथे चालत नाही, मॅजिस्ट्रेटला दया आली तरी उपयोग नाही. मग तिथे उभं राहून मी तुम्हाला मानत नाही म्हणून काय होणार? तुम्ही त्यांना न मानल्याने त्या दोन प्रश्नांची उत्तरं बदलतात का? रक्कम लागू आहे का, हो. भरली का, नाही. संपलं.

करार नाही हा मुद्दा तर मुळातच चुकीचा, कारण टॅक्स कराराने लागतच नाही, कायद्याने लागतो, तुमची संमती त्यात कुणी विचारलेलीच नाही. २०२४ मध्ये ओल्डहॅम कौन्सिलच्या एका केसमध्ये हायकोर्टाने हे पुन्हा एकदा स्पष्ट केलंय. मॅग्ना कार्टाचं ६१ वं कलम हे १२१५ साली राजावर नजर ठेवायला पंचवीस सरदारांसाठी होतं, ते पुढच्याच वर्षी, १२१६ मध्ये गाळून टाकलं, म्हणजे आठशे वर्षांपूर्वी वर्षभर जगलेलं कलम आपण आज कौन्सिलच्या तोंडावर फेकतोय. आणि ते जिवंत माणूस आणि कॅपिटल अक्षरातलं नाव, त्याच्यावर कॅनडात २०१२ मध्ये एका घटस्फोटाच्या केसमध्ये जज रूक यांनी एवढं लांबलचक निकालपत्र लिहिलंय की त्यात असले सगळे प्रकार एकेक करून मोडून काढलेत. इथे बर्कनहेडला २०११ च्या मार्चमध्ये कौन्सिल टॅक्सच्याच एका केसला जमाव कोर्टात घुसला आणि जजलाच अटक करायला निघाला होता. अटक झाली ती जमावातल्या लोकांना. टॅक्स जिथल्या तिथे.

आता त्या मुलाचं. पुण्याकडचाच, आयटीत आहे, एकटा राहतो, नोकरीत मधे चार महिन्यांची गॅप पडली आणि कौन्सिल टॅक्स थांबला. समन्स आल्यावर त्याने ते तीन पानी पत्र पाठवलं, सुनावणीला गेला नाही कारण पत्रात लिहिलं होतं की गेलात म्हणजे त्यांचा अधिकार मान्य केलात. ऑर्डर त्याच्या गैरहजेरीत झाली. मग कौन्सिलने विचारलं नोकरी कुठे, पगार किती, त्याला उत्तर म्हणून यानं पत्राचा दुसरा भाग पाठवला, असा दुसरा भागही आहे बरं का. मग केस बेलिफकडे, म्हणजे थकबाकी वसूल करायला येणाऱ्या माणसाकडे. बेलिफचं पहिलं पत्र निघालं की ७५ पौंड, दारात आला की वर २३५ पौंड, आणि रक्कम १,५०० च्या वर असेल तर वरच्या भागावर साडेसात टक्के, हे तेव्हाचे दर, २०१४ च्या नियमांनी ठरलेले. शनिवारी सकाळी साडेसातला बेल वाजली तेव्हा याने दाराच्या फटीतून तेच पत्र वाचून दाखवलं, बेलिफ शांतपणे ऐकत होता म्हणे, मग म्हणाला, झालं का, कार्डने भरणार का?

सगळ्यात वाईट काय माहितीये, हा मुलगा एकटा राहतो म्हणजे त्याला २५ टक्के सूट होती. त्याने ती कधी मागितलीच नव्हती. तीन पानं कोर्टाच्या अधिकाराबद्दल लिहिली आणि एक फॉर्म भरला नाही.

म्हणून सांगते, भांडायचं असेल तर भांडा, जरूर भांडा, या देशात भांडून लोक जिंकलेत, पण कोर्टाला नाकारून नाही, कोर्टाला त्याचेच नियम दाखवून. १९९० च्या जूनमध्ये आयल ऑफ वाइटवर पोल टॅक्सच्या अगदी पहिल्या सुनावण्या झाल्या, हजाराच्या वर लोकांना समन्स गेलेलं, आणि त्या केसेस निकालात निघाल्या त्या कशावर, तर कौन्सिलने रिमाइंडर सेकंड क्लास पोस्टाने पाठवलं होतं आणि लोकांना कायद्याने द्यायचे तेवढे दिवस मिळाले नव्हते! पोस्टाच्या तिकिटावर अख्खी कौन्सिल हरली. पुढे १९९१ मध्ये लेस्टरच्या केसमध्ये अपील कोर्टाने सांगितलं की वकील परवडत नसेल तर शेजारी बसून कानात सल्ला देणारा मित्र घेऊन जाता येतं. आणि माझ्या सगळ्यात आवडीची केस टॉटनहॅमची, रेव्हरंड पॉल निकोल्सन नावाच्या रिटायर्ड पाद्र्यांची. त्यांनी मुद्दाम टॅक्स भरला नाही, समन्स घेतलं आणि कोर्टात एकच प्रश्न विचारला की हे १२५ पौंड खर्च म्हणून लावताय त्याचा हिशोब दाखवा. मॅजिस्ट्रेटने हिशोब न बघता ऑर्डर दिली. म्हातारबाबा हायकोर्टात गेले आणि २०१५ मध्ये जिंकले, कोर्ट म्हणालं की खर्चाचा आकडा कसा आला याची माहिती पुढे नसताना तो मंजूर करणं बेकायदेशीर होतं. बघा, त्यांनी कोर्टाचा अधिकार एकदाही नाकारला नाही, अधिकार कुठे संपतो ते बोट ठेवून दाखवलं.

माझंही तसंच झालं, अर्थात हायकोर्टापर्यंत जावं लागलं नाही. कॉरिडॉरमधल्या टेबलावर मी सही केली नाही, फोनमधला पत्ता कळवल्याचा ईमेल आणि ते पोच मिळाल्याचं उत्तर दाखवलं आणि म्हटलं रिमाइंडर मला मिळालेलंच नाही तर सगळी रक्कम एकदम कशी काय देणं झाली. टेबलावरची कौन्सिलची बाई आत जाऊन कुणाशी तरी बोलून आली आणि माझं नाव यादीतून काढलं, खर्चही काढला, हप्ते परत चालू करून दिले. टॅक्स भरावा लागलाच, तो माझ्याकडून येणंच होता. तिथे चालणारे मुद्दे असलेच असतात, मी आधीच भरलेत, बिल किंवा रिमाइंडर नीट पाठवलेलं नाही, तो माणूस मी नव्हेच, किंवा रक्कम देणं होऊन सहा वर्षं उलटलीत. आणि सुनावणीच्या आधी थकबाकी आणि मागितलेला खर्च दोन्ही भरून टाकले तर प्रकरण तिथेच थांबतं. तारीख चुकली आणि मागे ऑर्डर झाली असं नंतर कळलं तरी ती रद्द करायला अर्ज करता येतो, पण तुमच्याकडे खरंच मुद्दा पाहिजे, प्रक्रियेत काहीतरी मोठी चूक झालेली पाहिजे आणि कळल्याबरोबर गेलं पाहिजे. सहा महिने बसून मग जाल तर कोण ऐकणार.

एक गोष्ट जी ग्रुपवर कुणालाच माहिती नव्हती आणि जिच्यामुळे लोक उगाच कोर्टाच्या दारात डोकं आपटतात. मला टॅक्स लागूच होत नाही, मला सूट पाहिजे, मी स्टुडंट आहे, घर माझ्या नावावर नव्हतं, या भांडणाची जागा मॅजिस्ट्रेट कोर्ट नाहीच. ते व्हॅल्युएशन ट्रिब्युनलचं, म्हणजे असल्या तक्रारी ऐकणाऱ्या वेगळ्या न्यायमंडळाचं, काम आहे, आणि त्याच नियमावलीचा ५७ वा नियम सांगतो की ट्रिब्युनलकडे न्यायचा मुद्दा मॅजिस्ट्रेटपुढे काढताच येत नाही. म्हणजे कोर्टाला खरोखर अधिकार नसलेली एक गोष्ट आहे आणि ती त्या तीन पानांत नाही! आधी कौन्सिलला लेखी कळवायचं, त्यांना दोन महिने द्यायचे, उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर ट्रिब्युनल, उत्तर पटलं नाही तर त्या उत्तरापासून दोन महिन्यांच्या आत, उत्तरच आलं नाही तर पहिलं पत्र लिहिल्यापासून चार महिन्यांच्या आत, आणि त्याला फी नाही. तोपर्यंत समन्स आलंच तर अपील चालू आहे म्हणून तारीख पुढे ढकलायची विनंती करता येते. आमच्या ओळखीतलं एक जोडपं आहे, नवरा पीएचडी करतो, बायको डिपेंडंट व्हिसावर, कौन्सिलने बायकोच्या नावाने बिल काढलं. ते दोघं कोर्टात जाऊन तासभर रडकुंडीला आले, कारण मॅजिस्ट्रेट म्हणत होते हे आमच्याकडे नाही. ज्या परदेशी नवऱ्याला किंवा बायकोला व्हिसाच्या अटीमुळे काम करता येत नाही किंवा सरकारी भत्ते घेता येत नाहीत, आणि जोडीदार फुलटाइम स्टुडंट आहे, तिला टॅक्समधून वगळायची तरतूद कायद्यात आहे. त्यांनी व्हिसाची कॉपी आणि युनिव्हर्सिटीचं पत्र जोडून कौन्सिलला लिहिलं, ट्रिब्युनलपर्यंत जायची वेळच आली नाही, बिल रद्द झालं.

व्हिसावरून आठवलं, जपून. उत्पन्न कमी म्हणून मिळणारी कौन्सिल टॅक्स रिडक्शन ही पब्लिक फंड्समध्ये, म्हणजे सरकारी मदतीत मोजली जाते, त्यामुळे ज्यांच्या व्हिसावर अशी मदत न घेण्याची अट आहे त्यांनी फॉर्म भरायच्या आधी नीट विचारून घ्या. एकट्या माणसाची २५ टक्के सूट त्यात येत नाही, ती बिनधास्त मागा. आणि ज्यांना अशी अट नाही आणि खरंच पैसे नाहीत त्यांनी कौन्सिलला कौन्सिल टॅक्सच्या कायद्यातल्या कलम १३ए खाली टॅक्स कमी करा म्हणून लिहावं, मॅजिस्ट्रेटला नसलेला तो अधिकार कौन्सिलला आहे. देतील का, सांगता येत नाही, पण मागायची जागा ती आहे. (हे सगळं इंग्लंडचं सांगतेय, स्कॉटलंडमध्ये शेरीफ कोर्टाच्या समरी वॉरंटची वेगळी पद्धत आहे.)

जेल होते का, हा प्रश्न मला सगळे विचारतात. इंग्लंडमध्ये कायद्याने ९० दिवसांपर्यंत होऊ शकते, पण लायबिलिटी ऑर्डरवरून थेट नाही, बेलिफला वसुली जमली नाही की मग वेगळी सुनावणी, आणि त्यात तुम्ही मुद्दाम भरलं नाही किंवा अक्षम्य हयगय केली असं ठरलं तरच. वेल्सने २०१९ च्या एप्रिलपासून हे बंदच केलं. तिथल्या एका बाईला त्याआधी जेलमध्ये टाकलं होतं आणि नंतर हायकोर्टाने ते बेकायदेशीर ठरवलं. पण जरा विचार करा, मुद्दाम भरलं नाही का हे ठरवायला बसलेल्या मॅजिस्ट्रेटपुढे तुमच्याच सहीचं तीन पानी पत्र असेल, मी तुम्हाला मानत नाही आणि भरणार नाही असं लिहिलेलं, तर त्यांना आणखी पुरावा कशाला लागतोय?

तो मुलगा आता दर महिन्याला हप्ता भरतोय, एकट्याची सूट मागच्या तारखेपासून मिळाली, बेलिफचे पैसे मात्र गेले ते गेलेच. ग्रुप त्याने सोडलाय. परवा त्या पत्राची नवीन आवृत्ती आली, आता पाच पानं झालीत आणि शेवटच्या पानावर लाल अंगठ्याच्या ठशाची जागा ठेवलीये. मी खाली ५७ वा नियम आणि कौन्सिलच्या सूट मागायच्या फॉर्मची लिंक टाकली. सोफा अजून विकला गेला नाहीये.

आपली एक वाचक,
मिडलँड्स, इंग्लंड